सर्गेई बाबायान: २८ व्या वर्षी पहिल्यांदा देशाबाहेर, ५७ व्या वर्षी मोठं लेबल, आणि मधली सगळी वर्षं क्लासरूम

पियानो शिकवणाऱ्या माणसाकडे बघायची एक ठरलेली नजर असते, स्टेजवर काही जमलं नसेल म्हणून शिकवायला लागला असेल, अशी. मी स्वतः मुलांना पियानो शिकवते त्यामुळे ही नजर चांगली ओळखीची आहे, ग्रेडच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांचे आईवडील पहिल्या भेटीत फीच्याही आधी विचारतात की मॅडम तुम्ही स्वतः कुठे प्रोग्राम करता का. विचारण्यात काही गैर नाही. पण त्यामागे जी समजूत असते, की वाजवणारा तो वरचा आणि शिकवणारा तो खालचा, ती मला अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला सर्गेई बाबायान ह्यांच्यासारखी केस दुसरी नाही. आर्मेनियन पियानिस्ट, अमेरिकेत म्युझिक कॉलेजात शिकवणारे, आणि आज जगात ज्यांचं वाजवणं अतिशय मानलं जातं अशांपैकी एक. ह्यात शिकवणं आणि वाजवणं ह्यांचं एकमेकांशी नक्की काय चाललेलं होतं, ते क्रमाने बघते.

सुरुवात गावापासून करावी लागेल. बाबायान ह्यांचा जन्म १ जानेवारी १९६१ चा, ग्युम्रीचा. तेव्हा त्या गावाचं नाव लेनिनाकान होतं आणि त्याच्याही आधी झारच्या काळात अलेक्झांड्रोपोल. येरेव्हाननंतर आर्मेनियातलं दुसऱ्या नंबरचं शहर, तुर्कस्तानच्या बॉर्डरला लागून, काळ्या दगडाच्या घरांचं, कारागिरांचं आणि गाणाऱ्यांचं गाव. आर्मेनियातले अशुग म्हणजे गावोगावी स्वतःची कवनं गाणारे लोकगायक, त्यातला शेराम हा मोठा अशुग इथलाच, आणि हल्लीच्या काळातला जॅझ पियानिस्ट तिग्रान हमास्यान पण ग्युम्रीचाच. बाबायान ह्यांच्या घरात संगीत होतंच.

आता एवढ्या कोपऱ्यातल्या गावात वेस्टर्न क्लासिकल पियानो कुठून आला असा प्रश्न पडेल. त्याचं उत्तर सोव्हिएत व्यवस्थेत आहे. त्या काळात जवळपास प्रत्येक गावात सरकारी म्युझिक स्कूल असायची, रोजची शाळा सुटली की मुलं तिथे जायची, वाद्य तर शिकायचीच पण सोबत स्वरलेखन वाचून गायचं, कॉयरमध्ये उभं राहायचं, संगीताचा इतिहास वाचायचा, आणि फी अगदी नाममात्र. त्यातून जी मुलं चमकायची त्यांना वरच्या स्पेशल स्कूलमध्ये आणि तिथून कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीताच्या मोठ्या कॉलेजात. येरेव्हानची कॉन्झर्व्हेटरी १९२० च्या दशकात सुरू झाली आणि तिला कोमितासचं नाव आहे, ज्याने खेडोपाडी फिरून आर्मेनियन लोकगीतं लिहून काढली तो कोमितास. तिथे चांगल्या वादकाने शिकवणं ही कमीपणाची गोष्टच नव्हती. आर्नो बाबाजान्यानसारखा नावाजलेला पियानिस्ट आणि कंपोजर १९५० च्या दशकात काही वर्षं तिथे शिकवत होता. म्हणजे वाजवणारा माणूस शिकवणारच, हे बाबायान ह्यांनी लहानपणापासून आजूबाजूला पाहिलेलं होतं.

त्यांचे आर्मेनियातले मुख्य शिक्षक गिओर्गी साराजेव. हे साराजेव मॉस्कोचे पियानिस्ट व्लादिमीर सोफ्रोनित्स्की ह्यांचे शिष्य, आणि सोफ्रोनित्स्की म्हणजे रशियन कंपोजर स्क्रियाबिनचे जावई, स्क्रियाबिन वाजवावा तर त्यांनीच असं रशियात अजूनही लोक म्हणतात. सोफ्रोनित्स्की गेले १९६१ मध्ये, म्हणजे बाबायान जन्मले त्याच वर्षी, तरी त्यांचा हात साराजेवांच्या मार्फत ह्या मुलापर्यंत पोचला. नंतर मॉस्को कॉन्झर्व्हेटरी, आणि तिथे एकाच्या हाताखाली नाही तर तिघांच्या: व्हेरा गोर्नोस्ताएवा, लेव नाउमोव आणि मिखाईल प्लेत्नेव. पहिले दोघं मॉस्कोतले मोठे पियानो शिक्षक हाइनरिख नॉयहाउस ह्यांच्या तालमीतले, नाउमोव तर नॉयहाउसचे असिस्टंटच होते. आपल्या भाषेत सांगायचं तर हे सरळसरळ घराणं आहे, रिख्टर आणि गिलेल्स हे दिग्गज सोव्हिएत पियानिस्ट ज्या घरातून आले ते घर. ह्या घराण्यात बोटांच्या आधी कान आणि कानाच्या आधी मनातलं चित्र, म्हणजे तुकडा (पीस, वाजवायची रचना) काय बोलतोय हे आतून ठरल्याशिवाय नुसत्या स्पीडला काही अर्थ नाही, ही शिस्त. तिसरे प्लेत्नेव, ते बाबायान ह्यांच्यापेक्षा फक्त चार वर्षांनी मोठे, १९७८ ची चायकोव्हस्की कॉम्पिटिशन जिंकलेले. जवळपास आपल्याच वयाच्या माणसाकडे शिकायला बसायचं, आणि तो माणूस स्वतः त्याच काळात जगभर वाजवतोय, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिकवणं हे रिटायर झाल्यावरचं काम नाही हे त्यांना असं रोज समोर दिसत होतं.

इथपर्यंत सगळं उत्तम. आणि इथेच करिअर अडकलं.

सोव्हिएत युनियनमधून बाहेरच्या कॉम्पिटिशनला जायचं म्हणजे आपण फॉर्म भरला आणि तिकीट काढलं असं नव्हतं. आधी देशातल्या देशात निवड, मग मंत्रालयाची परवानगी, परदेशातले कार्यक्रम गोसकॉन्सर्ट नावाच्या सरकारी एजन्सीमार्फत, आणि कोणाला पाठवायचं कोणाला नाही हे नुसतं वाजवण्यावर ठरत नसे. बाबायान पहिल्यांदा देशाबाहेर पडले १९८९ मध्ये. वय २८. हा आकडा पियानोच्या जगात किती उशिराचा आहे ते लक्षात घ्या, मोठ्या स्पर्धांची वयोमर्यादा साधारण तिशीच्या आसपास असते, विशीच्या आत-बाहेर मुलं जिंकतात आणि पंचविशीपर्यंत त्यांच्या रेकॉर्ड निघालेल्या असतात. ह्या माणसाच्या हातात सगळी तयारी होती, जगातल्या सर्वात कडक तालमीतून निघालेला होता, आणि खिडकी उघडली तेव्हा ती बंद व्हायला दोन-चारच वर्षं राहिलेली.

त्या दोन-चार वर्षांत त्यांनी जे केलं ते पटकन सांगते कारण त्यात फार काही समजावण्यासारखं नाही, ते नुसतं जिंकत गेले. १९८९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला रॉबेर कासादेस्युस ह्यांच्या नावाची कॉम्पिटिशन, हीच पुढे क्लीव्हलंड इंटरनॅशनल पियानो कॉम्पिटिशन झाली, तिथे पहिला नंबर. १९९१ मध्ये जपानमध्ये हामामात्सू, यामाहा आणि कावाई पियानो जिथे बनतात ते शहर, तिथली कॉम्पिटिशन त्याच वर्षी सुरू झालेली, म्हणजे तिचे पहिलेवहिले विजेते बाबायान. आणि १९९२ मध्ये ग्लासगोची स्कॉटिश कॉम्पिटिशन, तिथेही पहिले.

पण दरम्यान मागे काय चाललं होतं ते बघितल्याशिवाय पुढचा निर्णय कळणार नाही. ७ डिसेंबर १९८८ ला सकाळी पावणेबाराच्या सुमाराला, शाळा आणि कारखाने चालू असताना, उत्तर आर्मेनियात ६.८ चा भूकंप झाला. स्पिताक जवळपास सपाट झालं आणि लेनिनाकानचा मोठा भाग कोसळला, साधारण २५,००० माणसं गेली. सोव्हिएत काळात घाईघाईने उभ्या केलेल्या बहुमजली इमारती सगळ्यात आधी पडल्या. ग्युम्रीत लोक पत्र्याच्या आणि लाकडाच्या तात्पुरत्या खोल्यांमध्ये राहायला गेले आणि त्यातले कित्येक दशकं उलटली तरी तिथेच राहिले. भूकंपानंतर मेत्सामोरचं अणुवीज केंद्र बंद केलं, ते १९९५ पर्यंत बंदच होतं. मग १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनच संपली, आर्मेनिया स्वतंत्र झाला, अझरबैजानशी काराबाखचं युद्ध, बॉर्डर बंद, आणि येरेव्हानसारख्या राजधानीत हिवाळ्यात दिवसाला एक-दोन तास वीज. अशा वेळी पियानिस्टने परत जाऊन काय करायचं होतं? कॉन्सर्ट हॉल गरम करायला इंधन नाही, लोक घरातलं फर्निचर जाळतायत. आर्मेनियातले किती वादक, किती शिक्षक त्या वर्षांत बाहेर पडले आणि जे राहिले त्यांनी कोट घालून थंडगार खोल्यांत शिकवलं, ह्या दोन्ही प्रकारच्या लोकांबद्दल मला सारखाच आदर आहे.

बाबायान अमेरिकेत राहिले, पुढे तिथले नागरिक झाले. आणि राहिले कुठे, तर न्यूयॉर्कला नाही, जिथे पहिली कॉम्पिटिशन जिंकली त्या क्लीव्हलंडला.

इथे थोडं थांबून कॉम्पिटिशन जिंकल्यावर काय होतं ते सांगायला हवं, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पहिला नंबर आला म्हणजे आयुष्याची सोय झाली. बक्षिसाची रक्कम मिळते, पुढच्या दोन-तीन सीझनचे काही कार्यक्रम मिळतात, कधी एखादी रेकॉर्डिंग. मग पुढची कॉम्पिटिशन होते, नवा विजेता येतो, आणि ते कार्यक्रम त्याच्याकडे जातात. तेवढ्या वेळात एखाद्या मोठ्या एजन्सीने उचललं तर उचललं. १९९० च्या दशकात तर सोव्हिएत युनियनमधून बाहेर पडलेल्या अफाट तयारीच्या पियानिस्टांची पश्चिमेत रीघ लागली होती, सगळ्यांकडे मॉस्कोचं सर्टिफिकेट, सगळ्यांकडे मेडल. त्यात तिशी ओलांडलेला, तीन पहिले नंबर असलेला आर्मेनियन. मोठ्या लेबलांच्या, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांच्या, दृष्टीने हा चेहरा नवीन नव्हता आणि कोवळाही नव्हता.

क्लीव्हलंड हे शहर तेव्हा स्वतःच उतरणीला लागलेलं, स्टील आणि कारखान्यांवर उभं राहिलेलं, १९५० मध्ये नऊ लाखांवर वस्ती होती ती १९९० पर्यंत पाच लाखांवर आलेली. पण संगीत तिथे पक्कं होतं. क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रा १९१८ पासूनची, जगातल्या पहिल्या रांगेतली, आणि तिचा सेव्हरन्स हॉल जिथे आहे त्याच भागात क्लीव्हलंड इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिक, १९२० ची, कंपोजर अर्नेस्ट ब्लोक तिचा पहिला डायरेक्टर. तिथे बाबायान शिकवायला लागले आणि १९९६ मध्ये त्याच संस्थेत त्यांच्या नावाची पियानो अकॅडमी सुरू झाली.

आता अशा कॉलेजात शिकवणं म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण केसचा गाभा इथे आहे. प्रत्येक शिक्षकाचा एक स्टुडिओ असतो, स्टुडिओ म्हणजे खोली नाही, त्याच्याकडे शिकणारी मुलं. प्रत्येक मुलाला आठवड्याला साधारण एक तासाचा एकट्याचा धडा. शिवाय सगळ्यांनी एकमेकांसमोर वाजवायचा स्टुडिओ क्लास. टर्मच्या शेवटी ज्युरी, म्हणजे विभागातल्या शिक्षकांसमोर परीक्षा. वर्षाचं रिसाइटल, म्हणजे एकट्याचा कार्यक्रम. प्रवेशाच्या वेळी आधी रेकॉर्डिंग पाठवायची, त्यातून निवडलेल्यांना प्रत्यक्ष ऑडिशन, आणि ऑडिशनला बाखचा एखादा प्रिल्यूड आणि फ्यूग, हायडन-मोझार्ट-बीथोव्हेनपैकी कुणाचा सोनाटा, एट्यूड, शोपाँ किंवा शुमानचं काहीतरी मोठं, आणि विसाव्या शतकातलं काहीतरी, साधारण असा मेळ मागतात. हे सगळं प्रत्येक मुलासाठी वेगळं.

म्हणजे शिक्षकाच्या कानावरून आठवडाभरात काय काय जातं बघा. सकाळी कोणी बाखची पार्टिटा आणतो, नंतर कोणी लिगेटीचा एट्यूड, दुपारी रखमानिनोवचं थर्ड कॉन्चेर्टो, संध्याकाळी स्कार्लात्ती, आणि कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्राची एकत्र रचना, असेल तर दुसऱ्या पियानोवर ऑर्केस्ट्राचा भाग शिक्षकालाच वाजवायचा असतो. फिरता पियानिस्ट एका सीझनला एक-दोन रिसाइटल प्रोग्राम आणि तीन-चार कॉन्चेर्टो घेऊन विमानतळ ते विमानतळ करतो. शिकवणाऱ्याचा पियानोचा सगळा खजिना कायम उघडा असतो, आणि तोही नुसता वाजवण्यासाठी नाही, प्रत्येक ठिकाणी का हे शब्दांत सांगावं लागतं, आणि समोरच्या मुलाचा हात वेगळा, पंजा लहान, स्वभाव लाजरा, त्यामुळे तीच जागा दहा प्रकारे सोडवावी लागते. हे वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसाचं स्वतःचं वाजवणं बदलल्याशिवाय कसं राहील?

आणि बाबायान ह्यांच्या बाबतीत ते दिसतंच. १९९० च्या दशकात त्यांनी प्रो पियानो ह्या छोट्या लेबलसाठी ज्या सीडी केल्या त्यातली एक अख्खी स्कार्लात्तीच्या सोनाटांची आणि एक मेसियाँ, लिगेटी, रेस्पिगी आणि ऑस्ट्रेलियाचा कार्ल व्हाइन ह्यांची. मॉस्कोहून आलेल्या पियानिस्टकडून तेव्हा लोकांना काय हवं असायचं तर रखमानिनोव आणि चायकोव्हस्की, दणदणीत. आणि हा माणूस अठराव्या शतकातल्या इटालियनपासून जिवंत ऑस्ट्रेलियनपर्यंत जातोय. मार्केटचा विचार करणाऱ्या एजंटने त्यांना हे करू दिलं असतं असं मला वाटत नाही. कॉलेजचा पगार होता म्हणून हे शक्य झालं असं माझं मत आहे, आणि हे मी अगदी विचार करून म्हणते. पगाराने कलाकार मऊ पडतो असं सारखं ऐकू येतं, इथे पगाराने त्यांना हवं ते वाजवायची मोकळीक दिली.

ही वीसेक वर्षं बाहेरच्या जगाला फारशी दिसली नाहीत. ते वाजवत होते, कार्यक्रम होत होते, पियानोवाल्या लोकांमध्ये नाव होतं, पण सामान्य श्रोत्याला नाव विचारलं तर ओळखीचं नव्हतं. आणि हा काळ थांबलेला होता असं समजायची चूक करू नका, फक्त ह्या काळाचे फोटो नाहीत.

२००९ मध्ये मॉस्कोहून एक १८ वर्षांचा मुलगा क्लीव्हलंडला आला. दानिल त्रिफोनोव, जन्म १९९१, गाव निझ्नी नोव्हगोरोद. मॉस्कोच्या ग्नेसिन शाळेत तात्याना झेलिकमान ह्यांच्याकडे शिकलेला, आणि पुढे कोणाकडे जावं हे विचारल्यावर त्या बाईंनीच बाबायान ह्यांचं नाव सुचवलेलं. हे मला ह्या सगळ्या केसमधलं फार सुंदर वळण वाटतं. मॉस्कोमध्ये शिक्षकांची कमी नव्हती, न्यूयॉर्क, हॅनोव्हर, लंडन सगळी दारं त्याला उघडी होती, आणि एक शिक्षिका आपल्या सर्वोत्तम मुलाला ओहायोमधल्या शहरात पाठवते कारण तिला माहीत आहे की तिथे कोण बसलाय. मोठ्या लेबलला माहीत नव्हतं, पण शिक्षकांना माहीत होतं. शिक्षकांच्या जगात वेगळी बातमी फिरत असते आणि ती बहुतेक वेळा जास्त खरी असते.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल. २०१० मध्ये वॉर्सॉच्या शोपाँ कॉम्पिटिशनमध्ये त्रिफोनोवला तिसरं बक्षीस. २०११ मध्ये तेल अवीवच्या रुबिनस्टाइन कॉम्पिटिशनमध्ये पहिलं, आणि त्यानंतर काही आठवड्यांत मॉस्कोच्या चायकोव्हस्कीमध्ये पहिलं शिवाय ग्रां प्री. वय २०. बाबायान ह्यांना ज्या वयात देशाबाहेरची स्पर्धा दिसलीही नव्हती त्या वयात त्यांच्या विद्यार्थ्याने सगळं जिंकून संपवलेलं.

इथे एक गोष्ट लोक पटकन ओलांडून जातात. चायकोव्हस्की जिंकल्यावर जगभरातून बोलावणी सुरू झाली, डॉइच ग्रामोफोन ह्या क्लासिकलच्या मोठ्या लेबलचं कॉन्ट्रॅक्ट आलं, तरी हा मुलगा काही वर्षं क्लीव्हलंडला येऊन शिकतच होता. मधल्या काळात कंपोजिशनचं शिक्षणही चालू, आणि स्वतः लिहिलेला पियानो कॉन्चेर्टो त्याने २०१४ मध्ये पहिल्यांदा वाजवला तो ह्याच कॉलेजच्या ऑर्केस्ट्रासोबत. जग जिंकलेला मुलगा परत धड्याला येऊन बसतो तेव्हा त्या खोलीत काय मिळत असेल ह्याचा अंदाज आपण करू शकतो. आपल्याकडे मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताईंच्या बाबतीत असंच काहीसं होतं, नाव पुढे लेकीचं मोठं झालं पण तालीम कुठून आली हे जाणणाऱ्याला पहिल्या आलापात कळायचं.

मग उलटा प्रवास सुरू झाला. त्रिफोनोव जिथे जाईल तिथे लोक विचारायला लागले की हा कोणाकडे शिकला. आणि तो नुसतं नाव सांगून थांबला नाही, त्याने गुरूंना स्टेजवर सोबत घेतलं. २०१७-१८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलने त्याला अख्ख्या सीझनची मालिका दिली, त्यात दोघांचा दोन पियानोंचा कार्यक्रम होता. लोकांनी ऐकलं आणि त्यांच्या लक्षात आलं की शेजारच्या पियानोवर बसलेला पन्नाशी ओलांडलेला माणूस शिष्याच्या आधाराने तिथे आलेला नाही, तो त्याच उंचीचा वादक आहे आणि आधीपासूनच होता.

२०१८ मध्ये डॉइच ग्रामोफोनने बाबायान ह्यांना करारबद्ध केलं. वय ५७. ह्या वयात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या लेबलशी करार होणारा पियानिस्ट मला तरी चटकन दुसरा आठवत नाही.

आणि पहिली रेकॉर्ड कोणती, तर मार्था आर्गेरिच ह्यांच्यासोबत, दोन पियानोंवर रशियन कंपोजर प्रोकोफिएवचं संगीत. आर्गेरिच म्हणजे १९४१ चा जन्म, अर्जेंटिनाच्या, जिवंत पियानिस्टांमध्ये त्यांच्याइतकं प्रेम क्वचितच कोणाला मिळालं असेल, आणि एकट्याने स्टेजवर बसणं त्यांनी फार वर्षांपूर्वी जवळपास सोडलंय, विश्वासातल्या माणसांसोबतच वाजवतात. त्या रेकॉर्डवर जे तुकडे आहेत ते बाबायान ह्यांनी स्वतः लिहून काढलेले. रोमिओ अँड ज्युलिएट बॅलेमधले बारा, शिवाय प्रोकोफिएवच्या नाटक-सिनेमा-ऑपेरासाठीच्या संगीतातले काही. आता प्रोकोफिएवने स्वतः रोमिओ अँड ज्युलिएटमधले दहा तुकडे १९३७ मध्ये एका पियानोसाठी केलेलेच आहेत, मुलं परीक्षेला, कॉम्पिटिशनला तेच वाजवतात, मग परत करायची गरज काय? ऐकल्यावर गरज कळते. एका पियानोच्या आवृत्तीत प्रोकोफिएवने बरंच काही सोडून दिलंय, हाडं ठेवलीत, दहा बोटांत तेवढंच बसतं. बाबायान ह्यांना ऑर्केस्ट्रातला तो गच्च जाड आवाज, खालची ब्रास, वरून कापत जाणाऱ्या व्हायोलिन, सगळं परत हवं होतं आणि तरी पियानोसारखं वाटायला हवं होतं.

हे काम करायला काय लागतं? ऑर्केस्ट्राचा स्कोअर समोर ठेवून, ही ओळ ओबोची आहे तर बोट कसं पडेल, हा ट्रॉम्बोन आहे तर पेडल किती, हे सांगता यायला लागतं. आणि हेच तर ते रोज मुलांना सांगत होते. पियानो शिकवणाऱ्याचं निम्मं आयुष्य "इथे पियानो विसर, इथे चेलो ऐक" असं म्हणण्यात जातं. माझं ठाम मत आहे की ही रेकॉर्ड क्लासरूममधून आलीय, वीस वर्षं दुसऱ्या पियानोवर बसून मुलांच्या कॉन्चेर्टोंना ऑर्केस्ट्रा बनलेल्या माणसाच्या हातातून आलीय. बाबायान ह्यांनी असं म्हटलंय असं मी सांगत नाहीये, हा माझा कानाचा निष्कर्ष आहे.

त्यानंतर २०२० मध्ये एकट्याची रखमानिनोवची रेकॉर्ड, एट्यूड-ताब्लो, प्रिल्यूड, मोमाँ म्युझिको. ज्या रखमानिनोवची १९९० मध्ये मॉस्कोहून आलेल्या प्रत्येकाकडून अपेक्षा होती तो त्यांनी मोठ्या लेबलवर साठीच्या उंबरठ्यावर केला, आणि त्यात दणदणाट कुठेच नाही, आतल्या आवाजांचा असा काही पदर उलगडतात की ओळखीचा तुकडा आपण आधी नीट ऐकलाच नव्हता असं वाटतं. दरम्यान न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्येही शिकवणं सुरू झालं होतं. म्हणजे करार झाला, टूर वाढल्या, आणि तरी मुलं सोडली नाहीत.

आणि २०२४ मध्ये त्रिफोनोवसोबत रखमानिनोवची दोन पियानोंची रेकॉर्ड. दोन पियानोंसाठीचे त्याचे दोन्ही स्वीट (suite, म्हणजे तुकड्यांची मालिका), १९४० चे सिम्फॉनिक डान्सेस ज्याची दोन पियानोंची आवृत्ती रखमानिनोवने स्वतः केलेली, आणि दुसऱ्या सिम्फनीतला संथ भाग, जो दोन पियानोंसाठी त्रिफोनोवने लिहून काढला. शेवटची गोष्ट परत वाचा. गुरूने आर्गेरिचसाठी प्रोकोफिएव लिहून काढला, आणि सहा वर्षांनी शिष्याने गुरूसोबत वाजवायला रखमानिनोव लिहून काढला. विद्या पोचली की नाही ह्याचा ह्याहून पक्का पुरावा मला नको.

आता ह्या केसवर घेतले जाणारे आक्षेप, कारण ते खरे आहेत आणि मला टाळायचे नाहीत. पहिला म्हणजे नशीब. त्रिफोनोव आला म्हणून सगळं झालं, नसता आला तर? बरोबर आहे, लेबलचा करार कदाचित झाला नसता. पण तो आला कशामुळे हेही बघायला हवं, एका शिक्षिकेने दुसऱ्या शिक्षकाचं काम वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं म्हणून. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: त्या वीस वर्षांत त्यांनी जे वाजवलं नाही त्याचं काय? तिशी ते पन्नाशी हा पियानिस्टच्या शरीराचा सर्वात चांगला काळ, त्यातले असंख्य तास दुसऱ्यांच्या बोटांवर गेले. त्या काळातल्या रेकॉर्ड मोजक्याच आहेत आणि जे रेकॉर्ड झालं नाही ते गेलं. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही, हे नुकसान झालंय, आपलं श्रोत्यांचं. मला फक्त एवढंच म्हणायचंय की ह्या नुकसानीचं कारण शिकवणं नव्हतं. कारण आधी बंद बॉर्डर होती, नंतर कोवळे चेहरे शोधणारा धंदा होता, आणि शिकवण्याने उलट त्या माणसाला उभं ठेवलं.

तिसरा आक्षेप आपल्याकडच्या शिक्षकांचा, आणि तो मला सगळ्यात जवळचा आहे. बाबायान ह्यांच्यामागे जवळपास फुकटात मिळालेलं सोव्हिएत शिक्षण, तीन पिढ्यांचं घराणं, मग अमेरिकन कॉलेजचा पगार आणि ऑडिशन देऊन निवडलेली मुलं. आमच्याकडे ह्यातलं काय आहे? पुण्या-मुंबईत पियानो शिकवणारी बहुतेक माणसं घरी शिकवतात, मुलं दहावीला आली की सोडून जातात, ग्रेडचे तीन तुकडे झाले की पुढच्या ग्रेडचे तीन. खरं आहे, ही केस उचलून इथे लावता येणार नाही. तरी त्यातली एक सवय उचलता येते आणि मी ती उचललीय: मुलाचा तुकडा स्वतः पूर्ण तयार करायचा, परीक्षेच्या स्टँडर्डला नाही, स्टेजच्या स्टँडर्डला, ग्रेड थ्रीचा असला तरी. आणि वर्षातून एकदा मुलांच्या कार्यक्रमात त्यांच्यासोबत दुसऱ्या पियानोवर, नाहीतर कीबोर्डवर, बसायचं. मोठी मुलं ह्याने वेगळीच वाजवतात.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर आधी त्रिफोनोवची एखादी रेकॉर्ड ऐका, मग आर्गेरिचसोबतचा प्रोकोफिएव, त्यातला नाइट्सचा (knights, सरदारांचा) डान्स हेडफोन लावून ऐका म्हणजे दोन पियानो डावीकडे-उजवीकडे वेगळे कळतील, आणि सगळ्यात शेवटी प्रो पियानोची ती स्कार्लात्तीची जुनी सीडी, मिळाली तर. ती रेकॉर्ड केली तेव्हा त्रिफोनोव लहान पोरगा होता आणि बाबायान ह्यांच्या नावाची चौकशी करायला कोणी येत नव्हतं.